ग्रुप राईडला मी कायम शेवटी असते, स्पीड वाढवू की क्लब सोडू?

पत्र असं आलंय, थोडं छोटं करून देतोय:

"दादा, मी 29 वर्षांची, चिंचवडला राहते, एका कंपनीत अकाउंट्स बघते. दिवाळीत स्वतःच्या पैशानं 350 सीसीची बाईक घेतली आणि आमच्या भागातल्या एका रायडिंग क्लबला जॉइन झाले. रविवारी पंधरा-सोळा गाड्या निघतात, मुली आम्ही दोघीच. लोक चांगले आहेत, मजा येते, पण मी कायम शेवटी. जानेवारीत भोरवरून मांढरदेवी घाटानं वाईला गेलो तेव्हा भोरच्या चौकात सगळे पुढे निघून गेले आणि मी महाडच्या रस्त्याला लागले, बऱ्याच वेळानं कळलं, मग परत फिरले. येताना वाई-सुरूर रस्त्यावर परत मागे पडले, अंधार पडत आलेला, त्यांना गाठायचं म्हणून ताणून मारली आणि पुढे उसाची ट्रॉली, मागे ना लाईट ना काही. कशीबशी थांबले, मध्ये हातभर अंतर राहिलं असेल. ग्रुपवर सांगितलं तर उत्तर आलं, स्पीड वाढव, सवय होईल. एकानं कासवाचं स्टिकर टाकलं. वाईत जेवताना दोघं-तिघं बिअर पण घेतात. आई म्हणते गाडी विकून टाक. मी काय करू, स्पीड वाढवू की क्लब सोडू? आणि रायडिंग जॅकेट घ्यायलाच पाहिजे का, फार महाग आहेत. – कायम शेवटची."

अगं, ते ट्रॉलीचं तू दोन ओळीत उरकलंस आणि मी तिथंच थांबलो, पुढचं पत्र मी जरा वेळानं वाचलं. तू सुखरूप आहेस हे वाचून खरंच बरं वाटलं. आता सरळ उत्तर देतो मग सविस्तर बोलू. स्पीड वाढवू नकोस, अजिबात नाही. क्लब आत्ता लगेच सोडू नकोस, त्यांच्याकडे दोन गोष्टी मागून बघ, त्या मिळाल्या तर रहा आणि नाही मिळाल्या तर बिनधास्त निघ, त्यात काही कमीपणा नाही. कारण माझं ठाम मत आहे की ग्रुप राईड ही शेवटच्या गाडीच्या हिशोबानं चालवायची असते, आणि तुमच्या क्लबात ती पहिल्या गाडीच्या हिशोबानं चाललीय. दोष तुझ्या चालवण्यात फार कमी आहे, त्यांच्या पद्धतीत जास्त आहे.

गाठायला जाणं किती वाईट सौदा आहे ते आधी बघ. समज ग्रुप 60 नं चाललाय आणि तू दोन मिनिटं मागे आहेस, म्हणजे अंतर झालं दोन किलोमीटर. तू 80 नं मारलीस तरी ते भरून काढायला तुला सहा मिनिटं लागणार आणि त्यात आठ किलोमीटर जाणार. आठ किलोमीटर 80 नं, वाई-सुरूर रस्त्यावर, दिवस मावळताना! आणि 60 चे 80 केले म्हणजे थोडंसंच वाढवलं असं वाटतं पण ब्रेक लागल्यापासून थांबायला लागणारं अंतर जवळपास पावणेदोन पट होतं, कारण ते वेगाच्या वर्गानं वाढतं. शिवाय ट्रॉली दिसली, डोक्यात शिरलं, हात ब्रेकवर गेला यात एक सेकंद तर जातोच, त्या एका सेकंदात 80 ला गाडी 22 मीटर पुढे गेलेली असते. आणि हे सगळं कशासाठी, तर पुढच्या टपरीवर त्यांच्याबरोबर चहा प्यायला, जो ते तसेही दहा मिनिटं पीतच बसणार होते.

आता तू शेवटी का राहतेस. तू स्लो आहेस म्हणून, असं सगळ्यांनी तुझ्या डोक्यात भरवलंय. पण सोळा गाड्या ओळीत असल्या आणि प्रत्येकानं पुढच्यापासून दोन सेकंदाचं अंतर ठेवलं तर 60 च्या वेगाला ती ओळ जवळपास अर्धा किलोमीटर लांब होते. लीडवाला, म्हणजे सगळ्यात पुढचा, गावातल्या स्पीड ब्रेकरवरून उतरून परत 60 धरतो तेव्हा शेवटची गाडी अजून ब्रेकरपर्यंत आलेली पण नसते. मग तिला उतरून जास्त स्पीडनं जावं लागतं फक्त ओळीत राहायला. असे दहा ब्रेकर, दोन एसटी, एक मेंढरांचा कळप आणि एक सिग्नल, झालं, शेवटचा माणूस दिवसभर पुढच्यापेक्षा जोरात चालवतोय आणि तरी मागेच आहे. हे लीडवाल्याला कधी कळत नाही कारण त्याच्या आरशात फक्त पहिल्या तीन-चार गाड्या दिसतात, त्याच्या मते सगळं मस्त चाललेलं असतं. म्हणून तर बहुतेक चांगल्या क्लबांत सगळ्यात नवीन माणसाला लीडच्या बरोबर मागे, दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर ठेवतात, आणि सगळ्यात अनुभवी माणूस एकदम शेवटी असतो, त्याला स्वीप म्हणतात किंवा टेल म्हणतात. नवीन माणूस पुढे असला की लीडला त्याचा वेग आरशात दिसतो आणि तो आपोआप त्या हिशोबानं चालवतो. तुमच्याकडे नेमकं उलटं आहे, सगळ्यात नवीन मुलगी सगळ्यात शेवटी आणि तिच्या मागे कुणीच नाही. तुझी गाडी पंक्चर झाली असती तर कळलं कुणाला असतं?

म्हणून पहिली मागणी ही, की तू लीडच्या मागे दुसरी चालवणार आणि शेवटी एक ठरलेला स्वीप असणार जो काहीही झालं तरी कुणालाही ओव्हरटेक करून पुढे जाणार नाही. दुसरी मागणी चौकाची. नियम साधा आहे, प्रत्येकानं फक्त आपल्या मागच्या एका गाडीची जबाबदारी घ्यायची. सरळ रस्ता असेल तर चालत रहा, पण जिथं वळायचंय, फाटा आहे, चौक आहे, तिथं बाजूला सुरक्षित जागा बघून थांबायचं आणि मागचा तुला बघेपर्यंत हलायचं नाही. त्यानं बघितलं की तू निघ, मग तो त्याच्या मागच्यासाठी थांबेल. बास. यात मोबाईल नको, इंटरकॉम नको, रेंज नको. भोरच्या चौकात हा एक नियम असता तर तू महाडच्या रस्त्याला लागलीच नसतीस. (आणि तो रस्ता पुढे वरंधा घाटात जातो, एकटीनं अनोळखी असताना तिकडं लांब जाणं काही गंमत नाही, पावसाळ्यात तर दरडींमुळे तो घाट बऱ्याचदा बंदच ठेवतात.) आपल्याकडे दिंडी कशी चालते बघ, पताका पुढे असतात, चोपदार शिस्त बघतो, पण म्हातारी माणसं मागे पडली तर दिंडी त्यांना टाकून धावत सुटत नाही, आणि तरी रोजच्या मुक्कामाला पोचते. सोळा गाड्यांना एवढं जमायला हरकत नाही.

आणि सोळा गाड्या एका ओळीत नकोतच खरं तर. पाच-सहा गाड्यांचे तीन गट करायचे, प्रत्येकाला स्वतःचा लीड आणि स्वतःचा स्वीप, गटागटात पाच-दहा मिनिटांचं अंतर. ज्यांना जोरात जायचंय त्यांचा एक गट होऊ दे, कायद्यात बसेल एवढं ते जाऊ देत, तुमचा आरामात जाऊ दे, भेटायचं ठिकाण एकच. मागून येणाऱ्या कार आणि एसटीला पण ओव्हरटेक करायला जागा मिळते, नाहीतर सोळा गाड्यांची लांबच्या लांब ओळ बघून माणूस वैतागतो आणि नको तिथं घुसतो.

हे मागायचं कसं? व्हॉट्सॲप ग्रुपवर नको. तिथं लिहिलं की चार स्टिकर येणार, दोन जण उगाच अंगावर घेणार आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. जो राईड ठरवतो त्याला फोन कर किंवा चहाला भेट. आणि तक्रारीच्या सुरात नको, असं काहीतरी बोल, "दादा, वाईच्या राईडला मी ट्रॉलीला धडकता धडकता वाचले, तुम्हाला ते माहीत नसणार कारण तुम्ही पुढे होतात. पुढच्या वेळी मला तुमच्या मागे दुसऱ्या नंबरला घ्या, शेवटी एखादा जुना माणूस ठेवा, आणि फाट्यावर मागच्यासाठी थांबायचं एवढं निघायच्या आधी सगळ्यांना सांगाल का?" बास एवढंच. ट्रॉलीचं मात्र नक्की सांग, नीट सांग, कारण ग्रुपवरच्या मेसेजमध्ये ते त्यांना कळलेलंच नाही असं मला वाटतंय. नव्वद टक्के शक्यता आहे की तो माणूस हादरेल, राईड ठरवणारे लोक बहुतेक मनानं चांगले असतात, रविवारी पहाटे उठून बाकीच्यांचं बघायची हौस असते त्यांना. दुसरी जी मुलगी आहे तिच्याशी आधी बोलून घे, तिचं पण हेच चालू असणार आणि तिनं कुठं बोलून दाखवलं नसेल.

पण समज तो म्हणाला की असं सगळं केलं तर राईडची मजा जाते, किंवा हो हो म्हणाला आणि पुढच्या राईडला परत तेच, तर मग बाई निघ तिथून. पुणे-पिंपरी चिंचवडमध्ये रायडिंग ग्रुप ढिगानं आहेत, बाईक कंपन्यांचे, गावागावांचे, ऑफिसांचे. बायकांसाठी म्हणशील तर 2011 पासून द बायकर्णी ही देशभरची संघटना आहे. नवीन ग्रुपला जायच्या आधी एकच प्रश्न विचार, "तुमच्याकडे शेवटी कोण असतं?" याचं उत्तर पटकन नावासकट आलं तर तो ग्रुप बरा. आणि निघायच्या आधी ब्रीफिंग होतं का बघ, म्हणजे पाच मिनिटं सगळे गोल उभे राहून रस्ता कुठला, थांबायचं कुठं, पेट्रोल कुठं, लीड कोण, स्वीप कोण हे बोलतात का. टाकी फुल करूनच भेटायचं असा नियम आहे का. असल्या बारीक गोष्टींत माणसांची पारख होते.

आता तुझ्या चालवण्याबद्दल. स्पीड वाढवू नको म्हणलं म्हणजे शिकू नको असं नाही. तुला शिकायचंय वळण आणि ब्रेक, आणि ते ग्रुपमध्ये शिकायचं नाही, ते एकटीनं किंवा त्या मैत्रिणीबरोबर रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये किंवा मैदानात. आरटीओच्या टेस्टला आठ काढला असशील, तोच आठ या जड गाडीवर काढ, पहिल्या गिअरला, क्लच अर्धा दाबून, मागचा ब्रेक हलका धरून, आणि नजर चाकाजवळ नको, जिकडं जायचंय तिकडं मान वळवून बघ. हे जमलं की घाटातलं हेअरपिन वळण निम्मं जमलं समज. मग 40 वरून जोरात ब्रेक मारून बघ, पुढचा आणि मागचा दोन्ही, पुढचा हळूहळू दाबत न्यायचा, एकदम झटका नको. 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नवीन गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी सिस्टिम) असतंच, तुझ्या पण असणार, पण बऱ्याच जणांना ते पहिल्यांदा कळतं अपघाताच्या वेळी, लिव्हर हाताखाली धडधडतं आणि माणूस घाबरून सोडून देतो. ते धडधडणं म्हणजे सिस्टिम काम करतीय, दाबून धरायचं. हे एकदा मैदानात अनुभवलंस की त्या ट्रॉलीच्या प्रसंगाची जी भीती तुझ्या मनात बसलीय ना, ती पण थोडी उतरेल.

घाटात वळणाच्या आधी स्पीड कमी कर, गिअर खाली घे, वळणात शिरल्यावर ब्रेक नको, वळणाचं दुसरं टोक दिसायला लागलं की मग हळू थ्रॉटल. पुढच्याच्या टेल लाईटकडे बघत वळू नकोस, तो चुकला की तू पण त्याच्या मागे चुकणार. आणि एक गोष्ट जी फार कमी लोक सांगतात, उजव्या वळणाला गाडी आपल्या लेनमध्ये असते पण आपण उजवीकडे झुकलेलो असतो, म्हणजे चाक पांढऱ्या पट्टीच्या आत आणि डोकं समोरच्या ट्रकच्या लेनमध्ये. म्हणून उजव्या वळणाला लेनच्या डाव्या बाजूनं रहायचं. डाव्या वळणाला धोका वेगळा, स्पीड जास्त असला की गाडी बाहेर फेकली जाते ती थेट समोरच्याच्या अंगावर. आंधळ्या वळणाला हॉर्न मार, लाज बाळगू नको. चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. उतारावर नुसत्या ब्रेकवर उतरू नको, ज्या गिअरला चढली असतीस त्याच गिअरला उतर. ग्रुपनं चालवायच्या फॉर्मेशनचं पण बोलू, एक डावीकडे एक उजवीकडे अशी तिरकी ओळ, शेजारच्या तिरक्या गाडीपासून एक सेकंद आणि सरळ समोरच्या गाडीपासून दोन सेकंद, ती फक्त चांगल्या रुंद सरळ रस्त्याला. घाट, गाव, पाऊस, अंधार, खराब रस्ता यात एकामागे एक, आणि अंतर वाढवून. घाटात फॉर्मेशन करून फोटो काढणारा ग्रुप दिसला तर त्यांच्यापासून लांब रहा.

ऊसाचं खास सांगतो कारण आपल्या भागात हे ज्याला कळत नाही त्यानं थंडीत संध्याकाळी गाडी काढूच नये. दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू होतात ते मार्चपर्यंत, आणि वाई, भुईंज, सुरूर या पट्ट्यात रस्त्यावर ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे दोन-दोन ट्रॉल्या. त्या 15-20 च्या वेगानं चालतात, मागचा लाईट बऱ्याचदा नसतोच, असला तर उसाच्या वाढ्याखाली झाकलेला, आणि रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. तू 60 ला असलीस तर ती तुझ्याकडे 40 च्या वेगानं येतीय असंच समज. रस्त्यावर सांडलेला ऊस आणि शेतातून वर आलेली ओली माती, ती पण वळणावर. यावर उपाय एकच आहे, अंधार पडायच्या आत हायवेला लागायचं. वाईला जेवून निवांत झोपाळे खेळत बसायचं आणि सहाला निघायचं हे जानेवारीत चालत नाही, निघायची वेळ सकाळीच ठरवा आणि पाळा. तसंच पौष पौर्णिमेच्या आसपास मांढरदेवीला काळूबाईची यात्रा असते, तेव्हा त्या घाटात राईड ठरवूच नका, गाड्या, ट्रक, पायी चालणारी माणसं, लहान पोरं, आपण तिथं हौसेनं जाऊन भाविकांच्या वाटेत यायचं कारण नाही.

हायवेला लागल्यावर सगळे रिलॅक्स होतात तो पण चुकीचाच क्षण आहे. साताऱ्याकडून पुण्याला येताना खंबाटकीच्या बोगद्यानंतरच्या एस वळणावर किती गाड्या उलटल्यात ते या रस्त्यानं जाणाऱ्या सगळ्यांना माहितीय. आणि शेवटी नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा तो लांब उतार. तिथं ट्रकचे ब्रेक फेल होऊन झालेले अपघात तू पेपरात वाचले असशील. त्या उतारावर ग्रुप वगैरे विसरायचं, फॉर्मेशन नाही, एकमेकांसाठी थांबणं नाही, आरशात सतत बघत रहायचं आणि कुठल्याही ट्रकच्या बरोबर पुढे आपण रहायचं नाही, एक तर त्याला जाऊ दे किंवा तू लांब जा. टाटा-बाय बाय वगैरे उतार चालू व्हायच्या आधीच एखाद्या पंपावर उरकून घ्या म्हणजे खाली गर्दीत एकमेकांना शोधत बसायला लागत नाही.

बिअरबद्दल मला फार बोलायचं नाही. रक्तात 100 मिलीला 30 मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, पहिल्यांदा सापडलं तरी 10000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण कायदा सोड, जो बिअर पिऊन तुझ्या मागे किंवा शेजारी चालवणार आहे त्याच्या हातात तुझा जीव आहे. जेवताना ज्यानं बाटली उघडली त्याच्याबरोबर त्या दिवशी परत यायचं नाही. भांडण नको, "मी निघते हायवेनं, मला घरी लवकर जायचंय" एवढं बोलून जे नाही प्यायलेत त्यांच्याबरोबर निघ. दोन वेळा असं केलंस की बाकीचे पण येतील तुझ्याबरोबर.

आणि जेवणानंतरचा दुसरा प्रकार, गाडी बदलून बघू का! कुणाची तरी जुनी बुलेट असते आणि सगळ्यांना हात मारून बघायचा असतो. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, तुझा पाय घाबरल्यावर ब्रेक म्हणून गिअर दाबणार. शिवाय पॉलिसीतला तो 15 लाखाचा अपघात विमा असतो ना, तो मालक स्वतःची गाडी चालवत असेल तर त्याच्यासाठी असतो, उसनी गाडी घेतलेल्याला त्या गाडीचा तो विमा नाही. ग्राउंडवर एक राउंड मार हौस म्हणून, रस्त्यावर नाही.

बाकी माणसांमध्ये मिसळण्याचं. तू पत्रात लिहिलंस मजा येते, लोक चांगले आहेत, ते मला महत्त्वाचं वाटतं म्हणून तर लगेच सोड म्हणत नाही. नोकरी लागल्यावर नवीन मैत्री होणं किती अवघड असतं! एकत्र टपरीवर उभं राहून कटिंग घेणं, कुणाची चेन सैल झाली तर सगळ्यांनी वाकून बघणं, मिसळीचा दुसरा पाव निम्मा-निम्मा करणं, यासाठीच तर माणूस क्लबात जातो, नाहीतर एकटीनं पण मुळशीला जाऊन येता येतं. तर त्यात तू पण भर घाल. अकाउंट्स तुझा प्रांत आहे, राईडचा हिशोब ठेवायचं काम मागून घे, टीटीएमएम असलं तरी चहा, कॉमन फर्स्ट एड किट, पंक्चर किट याचे पैसे कुणीतरी बघावेच लागतात आणि बहुतेक ग्रुपमध्ये त्यावरूनच कुरबुरी होतात. थांबायची ठिकाणं ठरवताना स्वच्छ बाथरूम असलेला पंप किंवा हॉटेल दर तासा-दीड तासाला हवं हे तू सांग, मुली आहेत म्हणून असं अवघडून नको, पुरुषांना पण बरंच असतं ते. तू सहा महिन्यांनी बोलायला बिचकणार नाहीस अशी जागा तयार झाली की तिसरी-चौथी मुलगी पण येईल.

गावातून जाताना थोडं भान हवं, हे मी सगळ्याच क्लबांना सांगतो. रविवारी सकाळी सातला सोळा गाड्या गावातून रेस करत जातात तेव्हा तिथं कुणाचं तरी तान्हं बाळ झोपलेलं असतं. आवाजाचे सायलेन्सर लावणं बेकायदेशीर तर आहेच, पोलीस काढून घेतात, पण त्यापेक्षा गावातली माणसं आपल्याला बघून तोंड वाकडं करायला लागतात हे मला जास्त लागतं. टपरीसमोर गाड्या लावताना एसटी थांबायची जागा सोडा, एका बाजूला लावा, रस्त्यात घोळका करून उभं राहू नका. कचरा उचला. आणि मीटरचा फोटो काढून 120 ला गाडी नेली म्हणून ग्रुपवर टाकणाऱ्याला कुणी वाहवा द्यायची नाही, तू तर नाहीच. रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 पर्यंत दंड आहे, आणि असला फोटो म्हणजे आपल्याच हातानं दिलेला पुरावा.

काही झालंच तर. कुणी पडलं तर सगळ्यांनी तिथं गर्दी करायची नाही, एकानं मागे पन्नास-शंभर पावलं जाऊन येणाऱ्या गाड्यांना हात दाखवायचा, एकानं 108 ला फोन करायचा, हायवेला असाल तर 1033 पण आहे, पोलिसांसाठी 112. पडलेल्याचं हेल्मेट ओढून काढायचं नाही जोपर्यंत त्याला श्वास घेता येतोय, मान हलता कामा नये. पाणी पाजायची घाई नको. अनोळखी माणसाला मदत करताना पण घाबरू नका, मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत कलम 134 अ आलंय, मदत करणाऱ्याला त्यात संरक्षण आहे आणि पोलीस जबरदस्तीनं नाव-पत्ता मागू शकत नाहीत. प्रत्येकाचा रक्तगट आणि घरचा एक नंबर लीडकडे आणि स्वीपकडे कागदावर असू दे, फोन फुटला किंवा लॉक असला की काही कळत नाही. क्लबानं वर्षातून एकदा एखाद्या डॉक्टरला बोलवून प्रथमोपचार शिकून घेतला तर मी म्हणेन तो खरा क्लब.

आईचं. तिला ट्रॉलीचं सांगितलंयस की नाही ते तू लिहिलं नाहीस. मला वाटतं आत्ता नाही तर थोडं थांबून पण सांग, कारण तिला कुठून तरी कळलं तर मग तुझ्या कुठल्याच शब्दावर तिचा विश्वास राहणार नाही. आणि सांगताना बरोबर हे पण सांग की मी आता यात काय बदललंय, कुठल्या नंबरला चालवते, मागे कोण असतं, किती वाजता हायवेला लागते. निघताना लाईव्ह लोकेशन टाक, प्रत्येक थांब्यावर एक मेसेज, परतायची वेळ अर्धा तास जास्तीचीच सांग. एखाद्या सकाळी मैत्रिणीला आणि तिला दोघींना घेऊन बस, तुझं हेल्मेट तिच्या डोक्यावर घालून बघायला दे, हसेल पण आणि तिला कळेल की पोरगी हे हलक्यात घेत नाही. विकायचं का नाही हा निर्णय तुझा आहे, गाडी तुझ्या कमाईची आहे, पण तिची भीती खोटी नाहीये, तिला खोडून काढत बसू नकोस.

आणि जॅकेट. हो, घे, पण आधी बाकीचं. पहिलं हेल्मेट, फुल फेस, आयएसआयचं, 2021 च्या जूनपासून दुचाकीसाठी आयएसआय मार्कशिवाय हेल्मेट विकायलाच परवानगी नाही, रस्त्याच्या कडेला दोन-तीनशेला मिळतं ते घेऊ नकोस. गालाला घट्ट बसलं पाहिजे, पट्टा लावून मागून पुढे ढकललं तर निघता कामा नये, आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट परत वापरायचं नाही. मग ग्लोव्हज, कारण पडताना माणूस पहिले हात टेकतो. मग घोट्याच्या वर जाणारे बूट, सँडल-चप्पल नाही. मग जॅकेट. पुण्याच्या उन्हाला जाळीचं बरं, खांद्याला, कोपराला आणि पाठीला गार्ड असलेलं, पाठीला बऱ्याचदा नुसता फोमचा तुकडा घालून देतात तो काढून खरा गार्ड टाकायचा. दुकानात उभं राहून ट्राय करू नकोस, गाडीवर बसल्यासारखे हात पुढे कर, बाही मनगटावरून वर सरकली किंवा कोपराचं गार्ड फिरलं तर माप चुकलं. बायकांचे साईज कमी दुकानांत मिळतात, तेव्हा दोन-तीन ठिकाणी फिर. पैशाची अडचण असेल तर क्लबात कुणाचं तरी न वापरलेलं किंवा लहान झालेलं जॅकेट निम्म्यात मिळतं, विचार, पण त्यावर आधी कुणी पडलेलं नाही ना ते बघून घे. हेल्मेट मात्र जुनं कुणाचंच घेऊ नकोस. जॅकेट येईपर्यंत लांबच्या राईड ठेव बाजूला, पौड-मुळशीपर्यंत सकाळी लवकर जाऊन नऊपर्यंत परत ये, मैदानात केलेला आठचा आणि ब्रेकचा सराव रस्त्यावर किती उपयोगी पडतो ते पण तेवढ्यानं कळेल. लीडशी बोलणं झालं की कळव, तो काय म्हणाला ते मला वाचायचंय.